अर्धे भिंग झाकले तर?

दहावीच्या विज्ञानात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ ही दोन प्रकरणे लागोपाठ येतात. शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांचीही ती सहसा आवडती असतात. कारण उघड आहे. किरणाकृती परीक्षेत हमखास येते, आणि पट्टी व टोकदार पेन्सिल एवढ्या भांडवलावर ती बिनचूक काढता येते. मेणबत्तीच्या टोकापासून एक किरण मुख्य अक्षाला समांतर काढायचा व भिंगातून बाहेर पडल्यावर तो नाभीतून न्यायचा. दुसरा किरण प्रकाशीय केंद्रातून सरळ जाऊ द्यायचा. दोन्ही जेथे छेदतील तेथे उलटा बाण काढायचा आणि खाली लिहायचे : प्रतिमा वास्तव व उलटी. झाले, पूर्ण गुण.

अशी आकृती बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. मेणबत्ती, बहिर्वक्र भिंग आणि पडदा जागच्या जागी आहेत. पडद्यावर ज्योतीची स्पष्ट, उलटी प्रतिमा पडली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल?

भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो आणि प्रत्येकाचे उत्तर कागदावर लिहून घेतो. ‘अर्धी प्रतिमा नाहीशी होईल’ हे उत्तर सर्वांत जास्त कागदांवर असते. मग वाद रंगतो तो नाहीशी होणारी बाजू वरची की खालची, यावर! यात शिक्षकांना कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेतील फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी नेमका हाच प्रश्न महाविद्यालयात प्रकाशाचे प्रकरण शिकून झालेल्या विद्यार्थ्यांना विचारला होता. त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. तेथेही बहुसंख्य विद्यार्थ्यांची प्रतिमा अर्धीच झाली होती.

प्रत्यक्षात ज्योत पूर्ण दिसते. फक्त मंद होते.

उत्तर चुकते ते विद्यार्थी विचार करत नाही म्हणून नव्हे, तर आकृतीवर विसंबून तो अगदी तर्कशुद्ध विचार करतो म्हणून. आकृतीत दोनच किरण आहेत. पुठ्ठ्याने त्यांतला वरचा अडवला, मग उरलेला एकटा किरण कोणाला छेदणार? दोन किरणांची आकृती ही प्रतिमेची जागा झटपट शोधण्याची युक्ती आहे. ज्योतीच्या टोकापासून प्रकाश सर्व दिशांना पसरतो, त्यांतला जेवढा भिंगावर पडतो तेवढा सगळा पलीकडे एका बिंदूत गोळा होतो, आणि ज्योतीच्या प्रत्येक बिंदूबाबत असेच घडते, ही खरी गोष्ट त्या आकृतीत दिसतच नाही. आकृतीतला बाण कधी कधी भिंगापेक्षा उंच असतो. मग समांतर किरण भिंगाला लागावा म्हणून आपण भिंगाची रेघच वर वाढवतो. विद्यार्थी हे सगळे पाहत असतो. त्याची कल्पना अशी होते की प्रतिमा ही एक अखंड वस्तू आहे, ती मेणबत्तीपासून निघून भिंगातून उलटी होऊन पडद्यावर जाते. अर्धे दार लावले तर अर्धी वस्तू अडेलच की!

दोऱ्यांचे भिंग

ही कल्पना नुसत्या बोलण्याने जात नाही. त्यासाठी आम्ही दोऱ्यांची एक प्रतिकृती करायला सांगतो. सुमारे एक मीटर लांबीची फळी घ्यावी. तिच्या मध्यावर पुठ्ठ्याची १२ सेंमी व्यासाची चकती उभी करावी. हे आपले भिंग. चकतीच्या कडेने आठ आणि मध्यभागी एक अशी छिद्रे पाडावीत. चकतीपासून दोन्ही बाजूंना ४० सेंमी अंतरावर एकेक लाकडी पट्टी उभी ठोकावी. चकतीच्या केंद्राची उंची ती अक्षाची उंची समजून प्रत्येक पट्टीवर अक्षाच्या ३ सेंमी वर एक व ३ सेंमी खाली एक असे दोन खिळे मारावेत. डावीकडचा वरचा खिळा म्हणजे ज्योतीचे टोक. तेथून नऊ लाल दोरे काढून एकेक छिद्रातून ओवावेत आणि ते सगळे उजवीकडच्या खालच्या खिळ्याला बांधावेत. डावीकडच्या खालच्या खिळ्यापासून नऊ पांढरे दोरे तशाच रीतीने उजवीकडच्या वरच्या खिळ्याला न्यावेत. नाभीय अंतर २० सेंमी असलेल्या भिंगासमोर दुप्पट अंतरावर ठेवलेल्या वस्तूची ही प्रतिकृती झाली. वस्तू व प्रतिमा सारख्याच आकाराच्या, प्रतिमा मात्र उलटी.

आता चकतीच्या वरच्या अर्ध्या भागावर कागद धरावा आणि झाकलेल्या छिद्रांतले दोरे मोजावेत. लाल दोऱ्यांपैकी निम्मे अडले, पांढऱ्यांपैकीही निम्मे अडले. पण उजवीकडच्या दोन्ही खिळ्यांपर्यंत दोन्ही रंगांचे काही दोरे पोचलेच. प्रतिमेचा एकही बिंदू गळला नाही. प्रत्येकाच्या वाट्याचा प्रकाश तेवढा घटला. मुले हे स्वतः मोजतात तेव्हा ‘मंद का होते’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोरा ताणून प्रकाशाचा विचार करण्याची रीत जुनी आहे. योहान्नेस केप्लरने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात ती आढळते. त्याने एक पुस्तक उंचावर ठेवले, ते प्रकाशमान वस्तू मानले, आणि त्याच्या खाली कोनाकोनांचे छिद्र असलेली फळी ठेवली. पुस्तकाच्या एका कोपऱ्यापासून दोरा छिद्राच्या कडेला घासत जमिनीपर्यंत आणला आणि दोऱ्याचे टोक जसे फिरेल तसा खडूने आकार काढला. मग दुसरा कोपरा, तिसरा कोपरा. प्रत्येक वेळी जमिनीवर छिद्राचा आकार उमटला. पण ते सगळे आकार मिळून जे दिसले ते पुस्तकाच्या आकाराचे होते. ग्रहांच्या कक्षा शोधणारा माणूस जमिनीवर बसून खडू आणि दोऱ्याने काम करत होता, हे वर्गात जरूर सांगावे.

प्रयोग स्वतःच करावा

प्रतिकृती कितीही चांगली असली तरी ती आपण बांधलेली असते. दोरे आपण हवे तेथे बांधले आहेत. निसर्गाची साक्ष काढायची तर प्रयोगच हवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे वाचनाचे भिंग पुरते. (पूर्वी आम्ही फ्यूज झालेल्या काचेच्या दिव्यात पाणी भरून भिंग करायला सांगत असू, एलईडी आल्यापासून तसे दिवे मिळेनासे झाले.) आधी खिडकीबाहेरचे दूरचे झाड भिंतीवर आणून भिंगाचे नाभीय अंतर मोजून घ्यावे. ते २० सेंमी निघाले असे समजू. मग भिंगापासून ३० सेंमीवर मेणबत्ती ठेवली की दुसऱ्या बाजूला ६० सेंमीवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर दुप्पट मोठी उलटी ज्योत दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत अंधारी खोली कोठून आणायची, असे विचारले जाते. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या मोठ्या खोक्याची एक बाजू कापून आत कागद लावला तरी काम होते.

पुठ्ठा सरकवण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहिले पाहिजे, याबद्दल आमचा आग्रह आहे. ‘पाहा बरे, काय होते’ म्हटले की मुले पाहतात आणि ‘मला तसेच वाटले होते’ म्हणतात. लिहिलेले उत्तर मात्र बदलता येत नाही, आणि पडद्यावरची अख्खी ज्योत त्याच्याशी भांडू लागते. हे भांडण होऊ द्यावे. आमच्या मते प्रयोगाचा खरा तास त्यानंतर सुरू होतो.

एक व्यावहारिक सूचना. पुठ्ठा भिंगाला अगदी टेकवून धरावा. तो मेणबत्तीच्या किंवा पडद्याच्या जवळ धरला तर प्रतिमेचा एखादा भाग खरोखरच जातो, आणि चुकीच्या उत्तराला पुरावा मिळाल्यासारखे होते. चौकस विद्यार्थ्याला हाही प्रयोग करू द्यावा. पुठ्ठा भिंगापासून ज्योतीकडे हळूहळू नेला तर काय बदलते आणि का, हे दोऱ्यांच्या प्रतिकृतीवर त्यालाच शोधता येते.

दुसरा प्रश्न : पडदा काढून घेतला तर प्रतिमेचे काय होते? ‘नाहीशी होते’ असे पुष्कळजण लिहितात. पडदा काढावा, आणि जेथे पडदा होता तेथून आणखी ३० सेंमी मागे, अक्षाच्या रेषेत डोळा आणून भिंगाकडे पाहावे. उलटी ज्योत हवेत लोंबकळताना दिसते! पडदा होता त्या जागी पेन्सिलचे टोक धरून डोके डावी-उजवीकडे हलवले तर टोक आणि ज्योत एकमेकांपासून ढळत नाहीत. म्हणजे दोन्ही एकाच जागी आहेत. ‘पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा’ ही व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याला येथे धक्का बसतो. पडदा प्रतिमा तयार करत नाही, तेथे आलेला प्रकाश तो फक्त सगळीकडे विखुरतो.

आता पुठ्ठ्यात १ सेंमीचे भोक पाडून ते भिंगासमोर धरावे, मग ३ मिमीचे. ज्योत मंद होत जाते. पण पडदा थोडा मागेपुढे केला तरी ती आता लगेच पुसट होत नाही. शेवटी भिंग काढून टाकावे आणि भोक एक-दोन मिमीचे ठेवावे. अंधार पुरेसा असेल तर भिंगाशिवायही फिकट, उलटी ज्योत पडद्यावर असतेच. प्रतिमा उलटी करणे हे भिंगाचे काम नव्हतेच तर! प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून ती उलटी होते. भिंगाचे काम एवढेच की मोठ्या तोंडातून भरपूर प्रकाश आत घ्यायचा आणि तरीही एका बिंदूचा प्रकाश एकाच बिंदूत आणायचा. चाळिशी लागलेल्या शिक्षकांनी चष्मा काढून, जाड कागदाला टाचणीने पाडलेल्या छिद्रातून भर उजेडात हे पान वाचून पाहावे. अक्षरे स्पष्ट होतात, फक्त अंधूक उजेडात वाचल्यासारखे वाटते. कारण वर आलेच आहे.

चिंचेखालचे सूर्य

शाळेच्या आवारातील चिंचेखाली किंवा आंब्याखाली दुपारी सावलीत उजेडाचे गोल ठिपके पडलेले असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, मग ठिपके गोल का? केप्लर ज्या प्रश्नाने जमिनीवर बसला तो हाच. प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा ज्यांनी आकाशाऐवजी झाडाखाली पाहिले त्यांना जमिनीवर शेकडो चंद्रकोरी दिसल्या.

याचा वर्गात मोजण्याजोगा प्रयोग असा. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवून त्यात १ सेंमी बाजूचे चौकोनी भोक ठेवावे. उन्हात आरसा स्थिर टेकवून कवडसा २० मीटर दूरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडावा. भिंत जवळ असताना कवडसा चौकोनी असतो, दूर जाताना गोल होतो. २० मीटरवर त्याचा व्यास १८ ते १९ सेंमी भरतो. भोक त्रिकोणी केले तरी तोच गोल, तेवढाच. व्यासाला अंतराने भागून आलेल्या संख्येला सूर्याच्या अंतराने, म्हणजे सुमारे १५ कोटी किमीने गुणावे. सूर्याचा व्यास १४ लाख किमीच्या आसपास येतो. पुस्तकातला आकडा १३.९ लाखांचा आहे. एक आरसा, एक दोरी आणि एक पट्टी! (आरशात किंवा भिंगातून सूर्याकडे मात्र कोणीही पाहता कामा नये. हे प्रत्येक वेळी, प्रत्येक वर्गात सांगावे.)

तलाव किती खोल?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, तरी दोन्हीकडे गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव. तलावाकाठच्या मुलाला अपवर्तन पुस्तकात शिकण्याआधीच भेटते, आणि कधी कधी वाईट रीतीने भेटते. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, तळ दिसतच नाही. पण पुढे पाणी निवळले की काठावरून तळ दिसू लागतो आणि ‘कमरेएवढेच आहे’ असा अंदाज बांधून पोहता न येणारे मूलही आत उतरते.

पुस्तकात पाण्याचा अपवर्तनांक १.३३ दिलेला असतो आणि त्यावरून आभासी खोली खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश, असे गणित केले जाते. ते पडताळणे सोपे आहे. उभट काचेच्या पेल्यात १२ सेंमी पाणी घेऊन तळाशी नाणे टाकावे. तसेच दुसरे नाणे पेल्याला लागून बाहेर धरावे आणि वरून एका डोळ्याने पाहत ते वर सरकवावे. डोके हलवले असता दोन्ही नाणी एकत्रच हलतात असे वाटेल तेथे थांबावे. बाहेरचे नाणे टेबलापासून सुमारे ३ सेंमी वर आलेले असते. म्हणजे आतले नाणे ९ सेंमी खोल दिसते आहे.

परंतु हे तीन चतुर्थांश फक्त सरळ वरून पाहताना. काठावर उभे राहून कोणी सरळ खाली पाहत नाही; आपण तिरपे पाहतो. दृष्टी लंबाशी ६० अंशांचा कोन करत असेल तर स्नेलच्या नियमाने पाण्यातला कोन सुमारे ४०.५ अंश येतो. दोन्ही कोनांच्या स्पर्शकांचे गुणोत्तर काढले (०.८५ भागिले १.७३) तर तळ खऱ्या खोलीच्या निम्म्यावर आलेला दिसतो. सहा फूट पाणी तीन फूट वाटते. पाठ्यपुस्तकातली ‘सहा फूट म्हणजे साडेचार’ ही सवलतही तिरप्या नजरेला मिळत नाही. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जमते, आणि भंडाऱ्यात ते फळ्यावर न येता कसे चालेल, हे आम्हाला कळत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर शिक्षकांनी स्वतः उभे राहून, मुलांना कोरड्यावर ठेवून, आधी प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्यावा आणि मग खुणा केलेला बांबू पाण्यात उभा करावा.

किरण वाकतो का, याचीही एक प्रतिकृती आहे आणि तिला धानाची बांधी लागते. पाच-सहा मुलांनी लांब बांबू आडवा धरून कोरड्या जमिनीवरून चिखलणी केलेल्या बांधीत तिरपे चालत जावे. जे टोक आधी चिखलात शिरते ते मंदावते, दुसरे अजून वेगात असते. बांबू वळतो आणि सगळ्यांची दिशा लंबाकडे झुकते. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला ३ लाख किमी, पाण्यात सुमारे २.२५ लाख, त्यांचे गुणोत्तर १.३३. पण ही प्रतिकृती कोठवर खरी, हेही सांगितले पाहिजे. न्यूटनने प्रकाशाचे कण मानले होते, आणि ते पाण्याकडे ओढले जातात म्हणून वाकतात, असे स्पष्टीकरण दिले होते. त्याच्या हिशेबाने प्रकाश पाण्यात जास्त वेगाने गेला पाहिजे. वाकण्याची दिशा दोन्ही कल्पनांतून बरोबरच येते, तेव्हा नुसत्या वाकण्यावरून निवाडा होत नाही. तो १८५० साली फ्रान्समध्ये लेऑं फूकोने प्रकाशाच्या वेगाची हवेत व पाण्यात प्रत्यक्ष तुलना करून केला. पाण्यात वेग कमी भरला. चिखलातली मुले जिंकली. पण प्रकाश पाण्यात मंद का होतो, हे ती मुले सांगू शकत नाहीत.

भंडाऱ्याच्या पितळेचाही वर्गात उपयोग आहे. लख्ख घासलेले पितळी कडे पांढऱ्या कागदावर आडवे ठेवून, बाजूने कलते ऊन येईल असे पाहावे. कड्याच्या आत मधोमध टोक आलेली उजेडाची वक्र रेघ उमटते. ते टोक केंद्र आणि कड्याची कड यांच्या बरोबर मध्यावर असते : नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मे! आणि उरलेली रेघ सांगते की कडेवर पडलेले किरण त्या नाभीत येतच नाहीत.

तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारून यावा. जाळे टाकताना आणि भाल्याने मासा टिपताना नेम सारखाच धरतात का? उत्तर ऐकून आल्यावर, जाळ्याला जी चूक चालते ती भाल्याला का चालत नाही, याची किरणाकृती वहीत काढावी. तिच्यात निदान पाच किरण असावेत.